विश्लेषण : उकळूनही न जाणारं आर्सेनिक नॅनोकण कसे पकडतात?

पाणी उकळलं की निर्धोक झालं, असं आपण धरून चालतो. जंतूंच्या बाबतीत ते खरं आहे. आर्सेनिकच्या बाबतीत नाही. उकळताना पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण उलट किंचित वाढतं. त्याला रंग, वास, चव काहीच नसते.

पश्चिम बंगालमध्ये तळ्याच्या पाण्यामुळे होणारे पोटाचे आजार टाळण्यासाठी गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात मुळातच आर्सेनिक होतं. ते कूपनलिकांच्या पाण्यातून घराघरांत पोहोचलं. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड, खरखरीत होतात, कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे.

नॅनो नेमकं काय करतं?

अनेकांना वाटतं, नॅनो फिल्टर म्हणजे खूप बारीक चाळणी. आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने विकसित केलेल्या ‘अमृत’ फिल्टरचं काम वेगळं आहे. लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटतं, हे आधीपासून माहीत होतं. तशाच लोहसंयुगाचे नॅनोकण यात वापरतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खड्याची पूड केली की वजन तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे आर्सेनिक चिकटायला जागा वाढते. हे कण सुटे ठेवले तर पाण्याबरोबर पोटात जातील. म्हणून ते कायटोसानमध्ये बांधलेले असतात. हा पदार्थ कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळतो. गाळणीला वीज लागत नाही, आरओसारखं पाणीही वाया जात नाही.

मग अडचण कुठे आहे?

कणांवरची जागा कधीतरी भरते. साध्या फिल्टरची कँडल तुंबली की धार बारीक होते, लगेच कळतं. इथे पाणी तसंच स्वच्छ दिसत राहतं आणि आर्सेनिक पुन्हा ग्लासात येतं. त्यामुळे नियमित तपासणी हाच फिल्टरचा अर्धा भाग मानायला हवा. बंगालमध्ये हातपंपांना जोडलेली जुन्या तंत्राची अनेक यंत्रं देखभालीअभावीच निकामी झाली होती. यंत्र बसवायला निधी मिळतो, माध्यम बदलायला मिळत नाही, हे दुखणं नॅनोने बरं होणारं नाही.

वापरलेलं माध्यमही नीट साठवावं लागतं. ते शेताच्या बांधावर फेकलं, तर पकडलेलं आर्सेनिक पुन्हा मातीत आणि पाण्यात जाऊ शकतं.