रस्ता झाला, आता हात तयार करा

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गिनीज विक्रम! याच रस्त्यालगतच्या रुग्णालयात मी कॅज्युअल्टी सांभाळते. रात्रपाळी संपली की एटीएलएस या गंभीर जखमींवरील उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेचं पुस्तक उघडते.

1976 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात डॉ. जेम्स स्टायनर यांचं विमान कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. गावच्या रुग्णालयातले उपचार पाहून ते हादरले. त्यातून हा अभ्यासक्रम जन्मला. म्हणजे तो आमच्यासारख्या लहान ठिकाणांसाठीच आहे.

छातीत हवा कोंडली तर सुई दुसऱ्या बरगडीखाली घालायची, असं मी शिकले होते. मोठ्या माणसात आता ती काखेच्या बाजूला, चौथ्या-पाचव्या फटीत घालायला सांगतात. पाठांतर जमतं हो. पण मूर्तिजापूरकडून आणलेला पोरगा धापा टाकतोय, त्याची आई माझा हात धरून रडतेय, तेव्हा बोटांना सवय असावी लागते. ती सरावाच्या पुतळ्यावर हेच पुन्हा पुन्हा केल्याने येते.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीतही आता आहे. दोघांनी मिळून दर महिन्याला असा सराव घ्यावा. परिचारिका आणि 108 रुग्णवाहिकेचे चालक यांना पहिल्या रांगेत बसवा.