रामदास बोट आणि चालकाविना मोटार: भरवसा मोजायचा कशाने?

चालकाविना धावणाऱ्या मोटारींपैकी कोणत्या कंपनीची अधिक भरवशाची, हा वाद अमेरिकेत जोरात आहे. रेवस-मांडव्याच्या किनाऱ्याला हा वाद नवा नाही. येथे तो आगबोटींवरून झाला.

कोकणच्या जलवाहतुकीवर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा वरचष्मा असताना, सहकारी तत्त्वावर एक स्वदेशी कंपनी उभी राहिली. उतारूंचा विश्वास बसावा म्हणून बोटींना संतांची नावे देण्यात आली. भावना उदात्त खरी. परंतु नावाने बोट तरत नाही.

११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेले उतारू किनाऱ्याला लागले तेव्हा कुठे मुंबईला वार्ता कळली. तोवर रेवसच्या कोळ्यांनी अनेकांना पाण्यातून काढले होते. महिना उलटण्याआधीच वृत्तपत्रांची पाने फाळणी व स्वातंत्र्याने व्यापली. ‘रामदास’ निदान लोकांच्या तोंडी उरली. ‘जयंती’चे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

बातमी मोठी होते ती मृतांच्या संख्येने आणि त्या दिवसाच्या इतर घडामोडींनी. कोणती सेवा किती फेऱ्या सुखरूप करते, हे तिच्यातून कळत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगबोट धडकली, त्यावरून प्रवासी बोटींविषयी काय ठरवणार?

अमेरिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या मोटारीने उडवलेली स्त्री ‘क्रूझ’च्या मोटारीखाली आली आणि काही अंतर फरफटत गेली. कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला, त्यामागे फरफटीची माहिती दडवल्याचा ठपकाही होता. प्रतिस्पर्धी ‘वेमो’ धावलेले मैल व अपघात प्रसिद्ध करते. मात्र ती आकडेवारी कंपनीचीच, हे विसरू नये.

माझी मागणी साधी आहे. मांडव्याच्या धक्क्यावर भाडे व वेळापत्रकाशेजारी प्रत्येक सेवेच्या वर्षभरातील फेऱ्या, रद्द फेऱ्या, अपघात आणि शेवटच्या तपासणीची तारीख लावावी. आणि ती कंपनीने नव्हे, बंदर खात्याने लिहावी.