विश्लेषण : खावड्याची सौरवीज महाराष्ट्रात येणार, मग सोबत कोळशाची वीज कशाला?

सौर प्रकल्पाच्या बातमीत आकडा मेगावॉटमध्ये असतो, तुमचे बिल मात्र युनिटवर येते. या दोन आकड्यांमधला फरक कळला, की महावितरणच्या एका मोठ्या वीजखरेदीचे कोडे बऱ्यापैकी सुटते.

खरेदी नेमकी कशाची?

महावितरणने २०२४ मध्ये सौर आणि औष्णिक वीज एकाच निविदेत मागवली. सप्टेंबर २०२४ मध्ये अदानी समूहाला इरादापत्र मिळाले. त्यानुसार ५,००० मेगावॉट सौरवीज गुजरातमधील खावड्याहून आणि १,४९६ मेगावॉट औष्णिक वीज घ्यायची आहे. सौरविजेचा दर प्रतियुनिट २ रुपये ७० पैसे, तर दोन्ही मिळून ४ रुपये ८ पैसे. दोन्ही एकत्र का मागवली, यावरून राजकीय वादही रंगला.

खावडा कुठे आहे?

कच्छच्या रणात, पाकिस्तान सीमेजवळ. ७२ हजार ६०० हेक्टरवर ३० हजार मेगावॉटचे अक्षय ऊर्जा संकुल उभे राहत आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी जागा उरेल. एनटीपीसीसह अनेक कंपन्या तिथे टप्प्याटप्प्याने प्रकल्प सुरू करत आहेत. खारी, ओसाड जमीन आणि कडक ऊन, म्हणून ही जागा. पण ऊन आणि उष्णता एकच नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले, की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. धूळ बसली की आणखी घट. पाणी दुर्मीळ असल्याने तिथे पाण्याविना साफसफाई करणारे रोबो वापरले जातात.

५,००० मेगावॉट म्हणजे किती वीज?

इथे कॅल्क्युलेटर काढा. रात्र, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आणि ढग धरले, तर चांगला सौर प्रकल्प वर्षभरात सरासरी २५ टक्के क्षमतेने चालतो. म्हणजे ५,००० मेगावॉटमधून दिवसाला सुमारे ३ कोटी युनिट. आता १,४९६ मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प ८५ टक्के क्षमतेने चालवला तर? तेही जवळपास ३ कोटी युनिटच. बातमीत तिपटीहून मोठा दिसणारा प्रकल्प प्रत्यक्षात बरोबरीला येतो.

मग अडचण काय?

वेळेची. घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. कोळशाची वीज सोबत घेतली आहे ती त्या तासांसाठी. ही गरज खरी आहे. पण औष्णिक करारात दोन आकार असतात: कोळशाचा खर्च आणि क्षमतेचा स्थिर आकार. संच सज्ज असेल, तर वीज कमी घेतली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दुपारी सौरवीज भरपूर असताना संच पूर्ण बंद करून सायंकाळी लगेच चालू करता येत नाही. तो कमी भारावर चालवत ठेवावा लागतो. त्यामुळे २ रुपये ७० पैशांची वीज एकटी कधीच येत नाही. माझ्या मते वाद कंपनीच्या नावाइतकाच या हिशेबावर व्हायला हवा होता.

दुपारची वीज वापरणार कोण?

शेतीपंप. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्रांजवळ १६ हजार मेगावॉटचे छोटे प्रकल्प उभारायचे आहेत, म्हणजे शेतकऱ्याला रात्री-अपरात्री पाणी द्यायला जावे लागणार नाही. पण मग खावड्याची वीजही त्याच दुपारी येणार. पावसाळ्यात पंप बंद असतील तेव्हा ती कुठे जिरवायची?

ती साठवण्याचा एक मार्ग राज्याला जुना परिचयाचा आहे. घाटघरला स्वस्त विजेवर पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घेतात. त्या प्रकल्पाची क्षमता आहे २५० मेगावॉट.