चाळीस पिना

कात्रज-धनकवडीच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय येतो. एटीएम कार्डाएवढा हा संगणक. पिना ४०, पण शेजारी प्रत्येकीचे नाव छापलेले नसते. पहिली पिन ३.३ व्होल्टची, लगतची दुसरी ५ व्होल्टची! सिग्नलच्या पिनेला चुकून ५ व्होल्ट लागले तर बोर्ड जळू शकतो, आणि दुसरा घ्यायला घरात पैसे कुठले? म्हणून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ब्रेकआउट बोर्डाची चौकशी करावी. रिबन केबलने प्रत्येक पिन ब्रेडबोर्डवर येते, नावासकट. कोणी याला नवशिक्याचे काम म्हणोत! केबलची रंगीत कड पहिल्या पिनेकडे ठेवावी. मात्र हा बोर्ड व्होल्ट कमी करत नाही. ५ व्होल्टचा सिग्नल देणाऱ्या सेन्सरला लेव्हल कन्व्हर्टर वेगळा लागतो. आणि तारा जोडताना वीज बंदच असावी.