तुमच्या गावचा रॉक बँड ट्रॉलीवर उभा आहे

तुमच्या वर्गात एक तरी असा असेलच. काळा टी-शर्ट, गळ्यात हेडफोन, आणि पुण्याच्या एनएच७ वीकेंडरला जाऊन आल्याची खूण म्हणून मनगटावरचा तो कापडी पट्टा महिनाभर न सोडणारा. त्याला विचारा, आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर एखादा रॉक बँड आहे का रे? तो हसेल. म्हणेल, "इथे कुठला यार! इथे फक्त बेंजो पार्टी."

आमचं म्हणणं असं, की त्याने नकार म्हणून जे दोन शब्द उच्चारले, तेच खरं उत्तर आहे.

नीट बघा. विजेवर चालणारं तारवाद्य पुढे, मागे ढोल-ताशा, झांजा, कुठे ऑक्टापॅड, कुठे कीबोर्ड. सगळा आवाज फुल्ल. कंपनी नाही, मॅनेजर नाही, बुकिंग फोनवर आणि पैसे सुपारीवर. ट्रॉली, जनरेटर आणि स्पीकर एक तर भाड्याचे, नाहीतर पोरांनी वर्गणी काढून घेतलेले. गाणं कुणी शिकवलेलं नसतं, मोठ्यांचं बघून बोटं बसलेली असतात. मुंबईतला एखादा बँड असा चालला असता तर आपण त्याला 'इंडी' म्हटलं असतं आणि तिकीट काढून गेलो असतो. तोच बँड रेवस, थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडच्या गल्लीतून फिरतो तेव्हा आपण खिडकी लावून घेतो.

आता त्या वाद्याबद्दल, कारण गंमत तिथेच आहे. आपला बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. त्याला गोल चामडं असतं, आपल्याकडे लाकडी पेटी. आपल्या वाद्याचं मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसाने तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं यांची जोडी जमवून ताइशोगोतो बनवलं. तिथला ताइशो कालखंड त्याच वर्षी सुरू झाला, म्हणून ते नाव. हे वाद्य आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. बलुचिस्तानात ते बेंजू या नावाने लोकसंगीतातलं मुख्य वाद्य होऊन बसलं. कोकणात आणि मुंबईच्या चाळींत त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला, आणि दिवाणखान्यातलं नाजूक खेळणं मिरवणुकीत उतरलं. बाहेरून आलेली गोष्ट आपलीशी करून टाकणं या किनाऱ्याला काही नवीन नाही. कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घराघरांत बोलतात, तिथे जपानी पेटीचं काय घेऊन बसलात!

वाजवायची रीत बघा. उजव्या हातात नखी, डाव्या हाताची बोटं बटणांवर. बटण दाबलं की तार ठरलेल्या जागीच दाबली जाते, म्हणजे सतारीसारखी मींड सहज निघत नाही. सूर पायऱ्यापायऱ्यांनीच चढतो. मग हे लोक करतात काय? नखी इतकी झपाझप चालवतात की सुरांमधली फट कानाला जाणवतच नाही. इलेक्ट्रिक गिटारवाले ज्या वेगासाठी वर्षानुवर्षं घासतात, तो वेग इथे वाद्याची उणीव झाकायला जन्माला आला. वर ॲम्प्लिफायर जरा जास्त उघडला की आवाजाला जी कर्कश धार येते, तिला रॉकवाले डिस्टॉर्शन म्हणतात आणि त्यासाठी वेगळा पेडल विकत घेतात. आपल्याकडे ती फुकटात मिळते.

ऐकायला जाणार असाल तर उभं कुठे राहायचं हे आधी ठरवा. ट्रॉलीच्या तोंडासमोर नाचायला मजा येते, पण तिथे पोटात घुमणाऱ्या ठोक्याशिवाय काही कळत नाही. बाजूला या, बेंजोवाल्याचा डावा हात दिसेल असे. हळदीच्या रात्री सुरुवात बहुतेकदा देवाच्या गाण्याने होते, आणि आगरी-कोळी घर असेल तर एकवीरा आईच्या. मग सिनेमाची गाणी. आणि मग कधीतरी तो सहा मात्रांचा कोळी ठेका सुरू होतो, वल्ह्याच्या लयीत झुलणारा, आणि इतका वेळ खुर्चीत बसलेल्या मावश्या उठतात. हा बदल ताशावाला आधी सुचवतो. त्याच्याकडे लक्ष ठेवलंत तर तुम्हाला गर्दीच्या दोन सेकंद आधी कळेल.

पण खऱ्या चाहत्याने कान लावायचा तो गाण्यांना नव्हे, दोन गाण्यांच्या मधल्या तुकड्याला. एक गाणं संपतंय, दुसरं अजून सुरू व्हायचंय, आणि मध्ये वीस-तीस सेकंद बेंजो आणि ताशा एकमेकांशी भांडल्यासारखे वाजतात. तो तुकडा कुठल्याच सिनेमात नाही. तो त्या पथकाचा स्वतःचा असतो. शेजारच्या गावचं पथक वेगळा वाजवतं आणि जाणकार पोरं डोळे मिटून सांगतात, हे अमक्या गावचे.

इथेच आमचं आणि पथकांचं थोडं वाजतं. एवढा कडक हात असताना हे लोक स्वतःची गाणी का करत नाहीत? उत्तर सोपं आहे: सुपारी देणारा मागतो ते वाजवावं लागतं. रॉकचा इतिहास सांगतो की ही अडचण कुणालाच चुकलेली नाही. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला, तेव्हा आपल्याकडच्या रॉक श्रोत्याला परदेशी बँडची हुबेहूब नक्कल हवी असायची. त्यांनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, पुढे १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, आणि आज भारतीय रॉकची गोष्ट त्यांचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. ती उरली कारण गाणी त्यांची होती. बेंजो पथकाच्या हाती रात्र संपल्यावर काय उरतं? सुपारीचे पैसे, तेही वाटून.

कायद्याची बाजूही तशीच आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीला सूट आहे, म्हणून हळदीत सिनेमाचं गाणं वाजवायला परवाना लागत नाही. पण त्याच गाण्याचा व्हिडिओ तुम्ही यूट्यूबवर चढवलात की हक्क दुसऱ्याचा, आणि जाहिरातीचे पैसेही त्याच्याकडे जाऊ शकतात. मधला तो वीस सेकंदांचा तुकडा मात्र पथकाचा. तो वाढवून चार मिनिटांचा केला तर ते त्यांचं गाणं होईल.

आवाजाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण घरचे तोच काढतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती शंभर मीटर शांतता. साधं बोलणंच साठच्या आसपास जातं, तेव्हा ५५ मध्ये बेंजो बसवणं म्हणजे विनोद आहे. तरी दहाची वेळ आम्हाला मान्य आहे. कुणाच्या तरी घरात म्हातारं माणूस आहे, कुणाची परीक्षा आहे. हळद सातला सुरू करा ना! नऊच्या पुढे रंगतं वगैरे ही आपणच लावलेली सवय. आणि एक फरक लक्षात ठेवा: डीजेला माणूस एक आणि स्पीकरची भिंत लागते, बेंजोला दहा-पंधरा माणसं लागतात. दोघांना एकाच मापाने 'गोंगाट' म्हणून झटकलं, तर आधी मरेल तो बेंजो, कारण डीजे स्वस्त पडतो.

ढोल-ताशा पथकांत मुली दिसू लागून बरीच वर्षं झाली, बेंजोच्या ट्रॉलीवर मात्र त्या क्वचितच. याला वाद्य कारण नाही. रात्रीची वेळ आणि सोबतची पिण्याची संगत ही कारणं आहेत, आणि ती पथकांनीच दूर करायला हवीत.

२०१६ मध्ये रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा केला. त्यात या वाजवणाऱ्यांची किंमत न्यूयॉर्कहून आलेल्या मुलीला आधी कळते. सिनेमा म्हणून कसा होता ते सोडा, पण ते कथानक आम्हाला आजही टोचतं. न्यूयॉर्क कशाला हवं? जिल्ह्यातली आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात उतरतात. अशा महोत्सवांत लोकवाद्यवृंद हा प्रकार असतो. तुमच्याच बाकावर बसणारा कुणीतरी सुट्टीत ट्रॉलीवर ताशा वाजवत असेल आणि कॉलेजात बोलायला लाजत असेल. सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे त्याला घेऊन जा. पुढच्या गॅदरिंगला डीजेचं बजेट मागण्याऐवजी एका पथकाला बोलवा, स्टेजवर, उजेडात, रात्री आठला. अट एकच घाला: अर्ध्या तासात सिनेमाचं एकही गाणं नाही, फक्त तुमचे मधले तुकडे आणि कोळी ठेका. मानधन पोस्टर छापायच्या आधी ठरवा आणि पोस्टरवर वाजवणाऱ्यांची नावं टाका. आजवर तिथे फक्त पथकाचं नाव असतं, तेही असलं तर.

गणपती येताहेत. त्याआधी १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात आणि कोळीवाड्यांत तालमी याच दिवसांत चालतात. कधी जाऊन बसा. कुणी हाकलत नाही, उलट चहा मिळतो. रेकॉर्ड करायचं असेल तर फोन स्पीकरच्या तोंडाशी धरू नका, आवाज फाटतो. दहा-बारा पावलं मागे, छातीच्या उंचीवर धरा आणि मध्ये ओरडू नका. फाइलला नुसता आकडा ठेवू नका. गाव, तारीख, बेंजोवर कोण, ताशावर कोण, आणि तो मधला तुकडा कुणाला सुचला, एवढं विचारून लिहा.