टाकून दे ना!

बिघडलेल्या वस्तूंच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बाबा 'राहू दे, लागेल कधीतरी' पक्षाचे आणि अस्मादिक 'टाकून दे ना, नवीन घेऊ' पक्षाचे. आयटीत पंधरा वर्षं घासल्यावर माणूस आपोआपच दुसऱ्या पक्षात जातो म्हणा. लॅपटॉप तीन वर्षांनी बदलतो, फोन त्याच्याही आधी. पण आज मी जाहीर पक्षांतर करतोय. त्याला कारण एक लेन्स आणि एक कॅमेरा.

आधी लेन्सबद्दल. २०१९ च्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर माझ्या डीएसएलआरची झूम लेन्स दगडावर आपटली. काच शाबूत, झूम फिरतंय, पण छिद्र लहान केलं की कॅमेरा एरर देऊन गप्प. पुण्याला आल्यावर सर्व्हिस सेंटरला नेली. चार दिवसांनी एस्टिमेट आलं: "लेन्स युनिट बदलावं लागेल." रक्कम नव्या लेन्सपेक्षा जेमतेम हजारभर रुपयांनी कमी. मी विचारलं, "पण नक्की तुटलंय काय?" काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघून परत तेच वाचून दाखवलं. "लेन्स युनिट, सर."

आता मला सांगा, एखाद्या प्रोग्रॅममध्ये बग आला आणि मी क्लाएंटला सांगितलं की "सॉफ्टवेअर युनिट बदलावं लागेल", तर तो मला दारात तरी उभा करेल का? पण तेव्हा हे सुचलं नाही. नवीन लेन्स घेतली, जुनी खोक्यात टाकली, विषय संपला.

आता कॅमेरा. बाबांचा जपानी रेंजफाइंडर, सत्तरच्या दशकातला. माझं बारसं, मुंज, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्यातलं. चिपळूणच्या घरी लोखंडी कपाटात, चामड्याच्या केसमध्ये. (हीच मुळात चूक! चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर बुरशी चढते. जपून ठेवलेले कॅमेरेच जास्त खराब होतात ते यामुळे.) २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा ते कपाट पूर्ण बुडालं. ज्यांनी तो पूर पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. गाद्या, फ्रीज, पुस्तकं, फोटोंचे अल्बम, सगळं चिखलासकट रस्त्यावर. माझ्या मुंजीचे फोटो गेले. कॅमेरा मात्र आईने पुसून तांदळाच्या डब्यात ठेवला.

"आई, टाकून दे ना तो," मी म्हटलं. बाबा काहीच बोलले नाहीत.

दिवाळीत गेलो तेव्हा मला इंजिनियरपणाचा झटका आला. व्हिडिओ बघितले, मोबाइलवाल्याकडचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि बाबा दुपारी झोपलेले असताना कॅमेरा उघडायला बसलो. चार स्क्रूंपैकी एक निघाला. तिघांची डोकी मी गुळगुळीत करून ठेवली. बाबा उठले, टेबलाकडे बघितलं आणि "चहा घेणार का?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या अपराधी भावनेपोटी मी मुंबईला गेलो. फोर्टात, बोरा बाजारात, एका जिन्याखालच्या दुकानात. सत्तरीचे काका, डोळ्याला भिंग, समोर प्लॅस्टिकच्या डब्यांत शेकडो स्क्रू. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "पाण्याने कमी बिघडलाय. तुम्ही जास्त बिघडवलाय."

मग त्यांनी मला शिकवलं, की जपानी कॅमेऱ्यातले स्क्रू दिसायला आपल्या फिलिप्ससारखे असतात, पण त्यांची खाच वेगळी असते. त्याला जे.आय.एस. टोकाचा ड्रायव्हर लागतो. फिलिप्स त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. एवढी साधी गोष्ट! आणि मी मारे इंजिनियर.

तीन आठवड्यांनी फोन आला. शटरच्या पात्यांमधला गाळ निघाला होता. मागच्या झाकणाचा काळा फोम डांबरासारखा चिकट झाला होता, तो नवीन लावला. बुरशी साफ झाली, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं, ते डाग राहणार. मीटरच्या तारा गंजून गेल्या होत्या आणि त्याचा सुटा भाग कुठेच मिळत नाही. "पण शटर मेकॅनिकल आहे, त्याला सेल लागत नाही. मीटर डोळ्याने करा," काका म्हणाले.

कॅमेरा आणायला गेलो तेव्हा सोबत ती खोक्यातली लेन्सही नेली. त्यांनी ती उघडून एक नखाएवढी पट्टी दाखवली. छिद्राच्या पात्यांना वीज पोचवणारी फ्लेक्स केबल. आपटल्यावर ती फाटली होती. "हे बघा तुमचं लेन्स युनिट." कंपनी ती पट्टी सुटी विकत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या मेलेल्या लेन्समधून काढून बसवली. खर्च एस्टिमेटच्या पाव हिश्शाहूनही कमी.

कंपन्यांचंही थोडं ऐकून घेऊ. भिंगं एका रेषेत बसवायला अचूक यंत्रं लागतात, कुणीही लेन्स उघडली तर चित्राची एक बाजू धूसर होऊ शकते. खरंय. काका स्वतःच काही लेन्सेस हात जोडून परत करतात. शिवाय कारागिराचा एक तास कारखान्यातल्या एका मिनिटापेक्षा महाग पडणारच. हे गणित मलाही कळतं.

पण माझी तक्रार किमतीबद्दल नाहीये. काय तुटलं हे सांगायला कंपनीचे पैसे पडत नाहीत. पट्टी सुटी विकायला अचूक यंत्र लागत नाही. आणि दुरुस्ती करणाऱ्याचे मार्ग बंद केल्यावर "दुरुस्ती परवडत नाही" म्हणणं हा शुद्ध कांगावा आहे. निकॉनने २०१२ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग विकणं थांबवलं, आणि २०२० मध्ये तिथल्या बाहेरच्या अधिकृत दुकानांचे करारही संपवले. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप वगैरेंवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापणं सक्तीचं झालं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, पण त्याच्या यादीत फोन आणि वॉशिंग मशीन आहेत, कॅमेरे नाहीत. आपल्याकडेही केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण काउंटरवर "नक्की काय तुटलंय?" असं विचारणारं गिऱ्हाईकच नसेल, तर पोर्टल काय करणार?

तर मंडळी, माझ्या चुकांतून आलेलं ज्ञान, फुकट:

१. कॅमेरा पाण्यात पडला तर चालू होतोय का ते बघू नका. आधी बॅटरी आणि कार्ड काढा. तांदूळ भातासाठी ठेवा.

२. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याने घाबरू नका, फोटोत बहुधा दिसतही नाही. मागच्या काचेला मात्र जपा.

३. पावसाळ्यात चामड्याची केस नको. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे.

४. फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडू नका. बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट राहू शकतात.

५. एस्टिमेट आलं की तुटलेल्या भागाचं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर दुसरीकडे दाखवा.

आणि हो, प्रत्येक वस्तू दुरुस्त करावीच असं नाही. मीही काही मेलेले कॅमेरे काकांना देऊन टाकलेत, सुट्या भागांसाठी. पण ते मेलेत हे आधी कुणीतरी उघडून बघितलं होतं.

बाबांना कॅमेरा दिला तेव्हा त्यांनी आधी किल्ली ओढून, डोळे मिटून शटरचा आवाज ऐकला. मग विचारलं, "मीटर?" म्हटलं, गेला. "मग सोळाचं छिद्र आणि दोनशेच्या फिल्मला अडीचशे. उन्हात तेवढंच लागतं." चाळीस वर्षांपूर्वीचं पाठ होतं. पहिल्या रोलमधले सहा फोटो फसले, उन्हासमोरचे तर पांढुरके आलेत, कोटिंग गेल्यामुळे. एक चांगला आलाय: दारावरची पुराच्या पाण्याची रेघ आणि तिच्याखाली उभी असलेली आई.

असो. काकांचा मुलगा बँकेत आहे आणि दुकानात शिकाऊ कुणी नाही. तुमच्या खोक्यात एखादी "युनिट बदलायची" लेन्स पडली असेल तर लवकर बाहेर काढा.

ता.क.: जे.आय.एस. स्क्रू-ड्रायव्हरचा सेट मागवलाय. बाबांनी कॅमेरा कपाटात कुलुपात ठेवलाय.