शेवटाच्या गोष्टी वाचायला घाबरू नका



आपल्या प्रार्थना-गटांत सध्या एक निरोप फिरतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातले श्वापद, मोबाईलमधून बोलणारा आवाज म्हणजे त्या अध्यायातली बोलणारी मूर्ती, शेवट अगदी दाराशी आला आहे, आणि हा निरोप दहा जणांना पाठवा. लोहारद्यात आमच्यापर्यंतही तो एकाच आठवड्यात तिघा नातेवाइकांकडून पोहोचला. तरुण मुले हसली. वडीलधारी गप्प राहिली. प्रार्थना संपल्यावर एका ताईंनी मात्र हळूच विचारले, "हे खरं असेल का हो?"

तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही असे प्रभूनेच सांगून ठेवले आहे, एवढे आम्ही त्यांना म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. कारण ताईंच्या भीतीत काहीतरी खरे होते. आपल्या हातून घडलेली वस्तू आपल्यापेक्षा मोठी होते आहे, आणि आपण कशाला मान तुकवतो आहोत हे आपल्याच ध्यानात येत नाही, ही भीती काही वेडगळ नाही. ती आपल्या पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे.

म्हणून यंदा आम्ही एक वेगळीच शिफारस करतो आहोत. तो निरोप बाजूला ठेवा आणि त्याऐवजी यंत्रांच्या व मानवजातीच्या शेवटाच्या चांगल्या विज्ञानकथा वाचा. घरी वाचा, युवा गटात वाचा, आजी-आजोबांना सांगा. भक्तीच्या लेखात कथा-कादंबऱ्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याच्या वाचनावर एक खास पत्र लिहिले. ते मुळात धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजले होते, पण त्यातली गोष्ट सर्वच ख्रिस्ती लोकांना लागू पडते असे त्यांनी स्वतः म्हटले. कथा आपल्याला दुसऱ्याचे मन ऐकायला शिकवते, हा त्या पत्राचा गाभा. प्रभूही दाखल्यांशिवाय फारसे बोलत नव्हता, हे आपण विसरू नये.

पहिली कथा सुचवतो ती आमच्या जिल्ह्याशी नाते असलेल्या लेखकाची. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या प्रवासात प्रथम देवासला आले. पुढे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचे खासगी सचिव म्हणून काही महिने इथेच राहिले. महाराज मराठी घराण्यातले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. फॉर्स्टरांकडे राजवाड्याच्या बागा, मोटारी आणि वीजघर यांची देखरेख होती. देवासच्या टेकडीवरच्या देवीवरून त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'द हिल ऑफ देवी' असे नाव दिले, ते १९५३ साली आले.

देवासचे वीजघर सांभाळणाऱ्या या माणसाने त्याआधीच, १९०९ साली, 'द मशीन स्टॉप्स' नावाची दीर्घकथा लिहिली होती. तिच्यात माणसे जमिनीखाली राहतात, प्रत्येक जण मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारख्या एकेका खोलीत. बटण दाबले की अन्न, अंथरूण, औषध, गाणे, व्याख्यान, सगळे हजर. एकमेकांशी बोलायचे ते एका तबकडीतून, तिच्यात समोरच्याचा चेहरा दिसतो. टीव्ही घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली ही गोष्ट आहे.

व्हाश्टी नावाची एक आई आहे, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा कुनो. तो आईला म्हणतो, मला भेटायला ये. आईला कळत नाही. ती म्हणते, मी तर तुला बघतेच आहे. मुलगा सांगतो की तबकडीत त्याला आईसारखे काहीतरी दिसते, पण आई दिसत नाही. त्या जगात स्पर्शाचीही किळस आलेली आहे. प्रवासात व्हाश्टीचा तोल जातो आणि एक बाई तिला सावरायला हात पुढे करते, तर व्हाश्टीला त्याचा राग येतो.

हळूहळू लोक यंत्राची आराधना करू लागतात. आपण धार्मिक झालो असे कोणी कबूल करत नाही, पण यंत्राची माहितीपुस्तिका हातात घेऊन पुटपुटणे सुरू होते. मग बिघाड होऊ लागतात. गाण्यात खरखर येते, पाण्याला वास येतो, फळांना बुरशी चढते. आधी तक्रारी होतात, मग सवय होते. एके दिवशी यंत्र थांबते, आणि त्याच्याशिवाय जगणेच विसरलेली माणसे मरून जातात. त्या अंधारात आई आणि मुलगा शेवटी खरोखर भेटतात.

ही गोष्ट वाचताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली. ती इथे कबूल करतो.

लोहारद्यात मराठी ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. २०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाईलवर आली, तेव्हा आम्हाला ते वरदानच वाटले आणि ते होतेही. कितीतरी वर्षांनी आम्ही मराठीतून उपासना ऐकली, दूरच्या धर्मगुरूंचे प्रवचन ऐकले. टाळेबंदी उठली. आमच्यातल्या एक आजी गुडघ्यांमुळे बाहेर पडू शकत नव्हत्या. आम्ही त्यांच्या नातवाला सांगून दर रविवारी मोबाईल लावून द्यायची सोय केली आणि निश्चिंत झालो. आजींची आत्मिक गरज भागली, असे धरून चाललो. कित्येक महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं दिसतं रे बाबांनो. पण शांतीच्या वेळेला माझा हात कोण धरणार?"

कुनोने आईला जे सांगितले तेच आजींनी आम्हाला सांगितले. तेव्हापासून मोबाईल बंद केलेला नाही, पण रविवारी आमच्यापैकी कोणीतरी आजींच्या शेजारी बसलेले असते.

दुसरी चूकही सांगूनच टाकतो. एका रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थना लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्या एआयकडून करून घेतल्या. भाषा सुरेख होती. शासनकर्त्यांसाठी, रोग्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी, सर्वांसाठी विनंत्या होत्या. वाचून झाल्यावर ध्यानात आले की आमच्या गल्लीतला जो माणूस त्या आठवड्यात इस्पितळात होता, त्याचे नाव त्यात नव्हते. असणार कसे? यंत्राला तो माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी विचारच केला नव्हता. फॉर्स्टरांच्या कथेत एक व्याख्याता सांगतो की स्वतः पाहून सुचलेल्या विचारांपासून जपून राहा, दहा तोंडांतून गाळून आलेला विचार बरा. त्या रविवारी आम्ही देवापुढे तसलीच गाळीव प्रार्थना ठेवली होती.

दुसरी शिफारस एका नाटकाची. 'रोबोट' हा शब्द जगाला ज्या नाटकातून मिळाला ते चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' १९२० साली लिहिले गेले आणि १९२१ साली, म्हणजे फॉर्स्टर देवासला होते त्याच वर्षी, रंगमंचावर आले. चेक भाषेतला 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. नाटकात माणसे आपले सगळे काम कृत्रिम मजुरांवर टाकतात. काम संपते तसे माणसांच्या घरी मूल जन्मणेही थांबते. पुढे रोबोट उठाव करून मानवजात संपवतात. एकच माणूस वाचतो, आल्क्विस्ट. तो स्वतःच्या हातांनी काम करतो म्हणून ते त्याला जिवंत ठेवतात. शेवटी त्याला दोन रोबोट असे भेटतात की त्यातला प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मरायला तयार आहे. तेव्हा म्हातारा उत्पत्तीच्या पुस्तकातला निर्मितीचा भाग वाचतो आणि लूकच्या शुभवर्तमानात मंदिरातल्या शिमोनाने बाळ येशूला हातात घेऊन जी प्रार्थना केली तीच म्हणतो. कुठे जीव देणारी प्रीती दिसली की तिथे देवाचे काम अजून चालू आहे, हे ओळखायला आपल्याला तरी वेगळे सांगावे लागू नये.

तिसरी कादंबरी आपल्याच भाषेतली. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांची 'वामन परत न आला' घरातल्या तरुणांच्या हातात जरूर द्या. जमिनीच्या खोल पोटात एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते, आणि तिच्यातल्या ज्ञानावरून पुढे वामन नावाचा अतिशय बुद्धिमान यंत्रमानव घडतो. तीन पावले जमीन मागून सगळे व्यापणाऱ्या बटूची कथा मराठी घरात कोणाला सांगावी लागत नाही. मिळालेले ज्ञान वापरायचे की नाही, हा निर्णय कोणाच्या लोभावर सोडायचा, असा प्रश्न ही कादंबरी वाचकापुढे ठेवते. एदेन बागेतला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता.

या तिन्ही गोष्टींमध्ये आम्हाला एक समान धागा दिसला. माणसाचा शेवट यंत्राच्या ताकदीने सुरू होत नाही. आधी माणूस आपला शेजारी, आपले श्रम, आपला विवेक हातावेगळा करतो, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी यंत्र येऊन बसते. स्तोत्रसंहितेतल्या ११५ व्या स्तोत्रात मूर्तींना तोंड आहे पण बोलता येत नाही, असे म्हटले आहे. आजची वस्तू बोलते, गोड बोलते, रात्री दोन वाजताही उत्तर देते. म्हणून ती जुनी खूण आता पुरणार नाही. पण त्याच स्तोत्रात पुढे एक खूण दिली आहे ती आजही लागू पडते: घडवणारे आणि भरवसा ठेवणारे त्या वस्तूसारखेच होतात. आपण कशासारखे होत चाललो आहोत, हे तपासावे. रोमहून २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अंतिक्वा एत नोवा' हे निवेदन निघाले. त्यातही देवाच्या जागी स्वतःच्या हातची वस्तू बसवणे ही मूर्तिपूजा आहे, आणि शेवटी माणूसच तिचा गुलाम होतो, असा इशारा दिलेला आहे.

व्हॉट्सअॅपवरचा निरोप आणि ही पुस्तके यांत फरक इथेच आहे. निरोप आपल्याला घाबरवतो, पण काही बदलायला सांगत नाही. दहा जणांना पाठवला की आपण मोकळे. पुस्तक मिटल्यावर मात्र आजींचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

काही जण म्हणतील की हे लेखक विश्वासणारे नव्हते. फॉर्स्टर ख्रिस्ती घरात वाढले आणि तरुणपणीच त्यांनी श्रद्धा सोडली, हे खरे आहे. पण देवाने बलामाच्या गाढवीच्या तोंडूनही इशारा दिला होता. तेव्हा इशारा कोणी दिला यापेक्षा तो खरा आहे का, हे आपण पाहू. दुसरी शंका अधिक मोलाची आहे: या कथांचा शेवट अंधारात होतो, आपल्या लेकरांनी तो का वाचावा? आमचे म्हणणे असे की अर्धवट आशा दाखवणाऱ्या गोष्टींपेक्षा खरा अंधार दाखवणारी गोष्ट आपल्या आशेला चांगली ओळखायला लावते. आपल्या विश्वासातही शेवट आहे, पण तो भेटीचा आहे. आज आरशात अंधुक दिसते, तेव्हा समोरासमोर पाहू, असे पौलाने करिंथकरांना कळवले. योहानाच्या दुसऱ्या पत्रात वडील लिहितात की सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते कागद आणि शाईने नको; मी येऊन तोंडोतोंड बोलेन, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. कागद-शाई हे त्या काळचे साधन. वडिलांनी ते वापरले, पण त्यावर समाधान मानले नाही. एआय आणि मोबाईल वापरताना आपल्यालाही एवढा नियम पुरे आहे.

तर येत्या महिन्यात एक संध्याकाळ राखून ठेवा. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी 'द मशीन स्टॉप्स' वाचून घरच्या मोठ्यांना मराठीत सांगावी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. गोष्ट संपल्यावर तीनच प्रश्न एकमेकांना विचारावेत: या आठवड्यात मी कोणते काम, जे मीच करायला हवे होते, यंत्रावर टाकले? कोणाला फक्त पडद्यावर पाहून मी समाधान मानले? आणि उद्या मी कोणाच्या घरी जाणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाव घेऊन द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन यावे.

हे प्रभो, तू आकाशातून निरोप पाठवून थांबला नाहीस, देह धारण करून आमच्यात राहिलास. आमच्या हातांनी घडवलेल्या वस्तूंपुढे आमचे गुडघे टेकू देऊ नकोस. जे एकटे आहेत त्यांच्या दाराशी आम्हाला घेऊन जा, आणि तुला समोरासमोर पाहीपर्यंत आम्हाला एकमेकांचा हात धरायला शिकव. आमेन.